पालीच्या पोटातलं

आमच्या घरात फुफीसमोर पालीचं नाव काढायची सोय नव्हती. अब्बांची ही थोरली बहीण नवरा गेल्यावर माहेरी आलेली. विंचू दिसला तर चपलेनं मारून मोकळी व्हायची, पण पालीला घाबरायची. त्या पावसाळ्यात अब्बा आणि मी उठता-बसता, जेवताना, चहा पिताना 'पाल' 'पाल' करत होतो, तेव्हा ती आपलं ताट उचलून आतल्या खोलीत जायची. आमची पाल म्हणजे कॉम्प्युटरच्या बोर्डावरची एक काळी चिप होती. करंगळीच्या दोन पेरांएवढी, दोन्ही बाजूंना पायांची रांग. तिच्या पाठीवर तीन इंग्रजी अक्षरं छापलेली असत आणि ती जोडून वाचली की पाल होते. अब्बांनी ती तशी वाचली आणि पुढे आम्ही दुसरं काही म्हटलंच नाही. नाशिकला पॉलिटेक्निकमध्ये मला या चिपचं लांबलचक नाव पाठ करायला लावलं होतं. ते आता मला आठवायला वेळ लागतो, पाल मात्र लगेच आठवते.

जव्हारच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढे दुकान, मागे आम्ही. दुकानावर पत्रा होता, म्हणून पावसाळाभर आत मोठ्यानं बोलावं लागे. रेडिओ दुरुस्त झाला की नाही हे ऐकायला अब्बा त्यावर कान टेकवायचे. रेडिओ, टेप, पंखे, मिक्सर, मनगटी घड्याळं आणि शेवटी शेवटी कॉम्प्युटरसुद्धा, जे येईल ते अब्बा उघडत. आमच्याकडच्या हवेत चामड्याच्या चपलेवर रात्रीत बुरशी चढते, तिथे तांब्याच्या बारीक तारांचं काय होत असेल? बोर्ड उघडला की चिपांचे पाय हिरवे पडलेले दिसत. ते ब्रशनं घासून धुवायचे आणि मग वाळवायला अम्मीच्या चुलीवरच्या फळीवर ठेवायचे, सुक्या बोंबलांच्या शेजारी. दुरुस्त होऊन गेलेल्या रेडिओला बोंबलाचा वास येतो, अशी साखरशेतच्या एका गिऱ्हाइकानं तक्रार केली होती. अम्मी म्हणाली, "त्याला सांगा, वास फुकट आहे."

घरात आम्ही जे बोलायचो ते ना धड उर्दू होतं ना धड मराठी. मी मराठी शाळेत शिकले, म्हणून लिहायचं म्हटलं की मराठीच येतं. अब्बा मला घरात बेटी म्हणायचे आणि दुकानात गिऱ्हाइकांसमोर नसीमबाई. मी नाशिकला डिप्लोमा केला, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर लागले, आणि वर्षभरात परत आले. अब्बांना साखरेचा आजार होता आणि डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. मोतीबिंदू काढला तरी नजर आली नाही. अम्मीनं ये म्हणून कधी सांगितलं नाही. फोनवर एवढंच म्हणाली की अब्बांनी कुणाच्या तरी घड्याळात उलटा सेल घातला. मी आले. आल्यावर सगळ्यांना बरं वाटलं आणि मला खूप झोप यायला लागली. ती कसली झोप होती ते मला आज कळतं. तेव्हा वाटायचं की पावसामुळे येते.

अशाच एका दुपारी विमलताई आली. ती पोशेऱ्याची. मोखाड्याला एका संस्थेचा छोटा दवाखाना होता, तिथे ती रक्त तपासायची. एस.टी.नं आली होती, डोक्यावर प्लास्टिकची घोंगटी, आणि पोटाशी साडीच्या जुन्या धडप्यात गुंडाळलेला बोर्ड. पदरानं तोंड न पुसता आधी तिनं तो बोर्ड अब्बांच्या टेबलावर ठेवला.

"चाचा, मशीन मेला," ती म्हणाली. "पडद्यावर कायच नाय येत."

ते मशीन मला माहीत होतं. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यानं नवी यंत्रं घेतली तेव्हा जुनी दोन या संस्थेला दिली होती. एक मोखाड्याला आलं, दुसरं जव्हारच्या दवाखान्यात. रक्ताचा थेंब घातला की पांढऱ्या पेशी किती, तांबड्या किती, रक्तात लोह धरणारा भाग किती, हे सगळं हिरव्या अक्षरांत दाखवायचं. शेजारच्या लोखंडी खोक्यात त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर होता. तेव्हाच इतका जुना की माझ्या पुस्तकांत त्याचा उल्लेख 'पूर्वी' या शब्दानं यायचा. आमच्या डोंगरातल्या पाड्यांवर पोरांचं रक्त कमी असतं, आणि काही घरांत सिकलसेल असतो. त्यात रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि पोरं हाडं धरून रडतात. अशा पोरांचं रक्त वरचेवर मोजावं लागतं. मशीन बंद पडलं म्हणजे विमलताईला प्रत्येक नमुना मायक्रोस्कोपखाली ठेवून एकेक पेशी डोळ्यांनी मोजायची होती.

बोर्ड मी तपासला. वीज दिली आणि एकेक चिपवर बोट ठेवत गेले. एका ठिकाणी बोट भाजलं. अब्बांनी माझ्या तोंडून आलेला आवाज ऐकला आणि विचारलं, "कौन है?" मी अक्षरं वाचून दाखवली. ते म्हणाले, "पाल गेली."

इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुढचा सगळा खटाटोप याच्यावर आहे. साधी चिप जळली तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून तशीच आणायची आणि बसवायची. पालीचं तसं नाही. बाजारात मिळते ती कोरी. तिच्या पोटात फार बारीक तारा असतात, आणि कारखानेवाला आपल्या यंत्राला हवं तसं त्यातल्या काही जाळतो, काही ठेवतो. कुठल्या जाळल्या आणि कुठल्या ठेवल्या, हेच तिचं ज्ञान. यंत्राच्या मेंदूनं हाक मारली की ती हाक पडद्यासाठी आहे, रक्ताच्या नळीसाठी आहे की आठवणीच्या कप्प्यासाठी, हे ती त्या ज्ञानावरून ठरवते. ती गेली की बाकी सगळं धडधाकट असून मुकं होतं. कोरी चिप नाशिकला आमच्या सरांकडच्या यंत्रावर भरून मिळाली असती. पण काय भरायचं? बनवणाऱ्या कंपनीचा मुंबईतला माणूस फोनवर नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ते मॉडेल कधीच बंद झालं. त्याचे कागद आमच्याकडेसुद्धा नाहीत." तो खोटं बोलत असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही. लोक वस्तू सांभाळतात. ती कशी केली ते सांभाळायला कुणाला सवड नसते.

म्हणजे ते ज्ञान जगात आमच्या हाताला लागेल अशा एकाच ठिकाणी होतं, जव्हारच्या दवाखान्यातल्या चालू मशीनमध्ये. तिथली पाल बोर्डाला कथलाचा डाग देऊन पक्की केलेली. शिवाय कुणी नक्कल करू नये म्हणून कारखान्यानं ती थेट वाचायची वाट बंद करून ठेवली होती. ती सोडवून बाहेर काढायची, तिच्या एका बाजूनं शक्य त्या सगळ्या हाका द्यायच्या आणि दुसऱ्या बाजूनं ती काय उत्तर देते ते टिपायचं, हाच एक मार्ग होता. सोडवताना एक पाय तुटला, एक तार उष्णतेनं उखडली, तर दोन्ही मशीनं गेली.

जव्हारच्या डॉक्टरीणबाईंना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्या दोन्ही दवाखाने बघत. आठवड्यातले तीन दिवस इकडे, बाकीचे तिकडे. नेहमी थकलेल्या असत आणि थकवा लपवायचा प्रयत्नही करत नसत. त्यांनी मला विचारलं, "नसीम, निघाली आणि परत बसलीच नाही, तर?"

"तर दोन्हीकडे नाही," मी म्हटलं.

"मग राहू दे. आज जामसरहून सहा पोरं आली होती. एक तरी मशीन चालू दे."

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मी घरी आले, अम्मीनं लोतीची रानभाजी केली होती, तांदळाची भाकरी होती, ती खाल्ली आणि झोपले. मोखाड्याचा बोर्ड अम्मीच्या फळीवर तसाच पडून राहिला. अब्बा मधूनच त्याच्यावरून बोटं फिरवायचे.

पुढचे दोन-तीन महिने विमलताई मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली असे. मी एकदा कामानिमित्त मोखाड्याला गेले तेव्हा तिला पाहिलं. खिडकीशी टेबल, एका हातात मोजणीचं बटण, मान एका बाजूला वाकडी. बाहेर व्हरांड्यात आया पोरं घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. ती माझ्याशी बोलली तीसुद्धा डोळा न काढता. तिच्या बहिणीची मुलगी सुनी हिला सिकलसेल होता. सात-आठ वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, टेबलाखाली बसून रिकाम्या बाटल्या मांडत खेळायची. सुनीची आई वीटभट्टीवर गेली की ती मावशीकडे राहायची.

भात पोटरीला आला त्या सुमारास सुनीला झटका आला. ताप, पाय दुखायला लागले, मग छातीत. विमलताईनं तिचं रक्त काढलं, मोजलं, आकडा तिला पटला नाही, परत मोजलं, तो वेगळाच आला. दिवसभर मोजून तिचे डोळे शिणलेले होते. एक नमुना तिनं नाशिकच्या गाडीनं पाठवला, पण वाटेत दरड आली होती आणि गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी शेवटी आकड्याशिवाय, पोरीच्या पापणीचा आतला रंग बघून रक्त द्यायचं ठरवलं. सुनी वाचली. पण चार दिवसांनी विमलताई जव्हारला आली, मला बरोबर घेतलं आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, हितला मशीन आज चालतोय म्हणून आपण त्याला हात नाय लावत," ती म्हणाली. "उद्या तो पण याच दुखण्यानं जाईल. मग नसीमनी बघायला जिता कोन उरंल?"

डॉक्टरीणबाई टेबलावरची काच बोटानं पुसत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रविवारी दवाखाना बंद असतो. सोमवारी सकाळी मला मशीन चालू पाहिजे."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. मी, अब्बा आणि विमलताई. अम्मीनं डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी दिली होती. अब्बांनी हट्टानं आपली जुनी पेटी बरोबर घेतली. मी म्हटलं, कशाला, माझं सगळं सामान आहे. ते म्हणाले, "रहने दे. हाताला सवय आहे." त्यांना त्या वेळी माझा चेहरा दिसत नव्हता, उजेडाकडे असले तर आकार दिसायचा. ते माझ्या डाव्या बाजूला स्टुलावर बसले आणि बोर्डाच्या कडेला दोन बोटं टेकवून राहिले. गरम किती होतंय ते त्यांना बोटांनी कळत होतं.

मी विजेच्या डागणीनं पायांवरचं कथील वितळवून पिचकारीनं ओढून घ्यायला सुरुवात केली. एका बाजूचे सगळे पाय सुटले. दुसऱ्या बाजूचे तीन-चार झाले आणि वीज गेली.

जव्हारात वीज जाणं ही बातमी नव्हे. पण पावसाच्या शेवटच्या दिवसांत गेली की कुठल्या जंगलात तार तुटलीय हे सापडेपर्यंत दिवस जायचे. दवाखान्याचा जनरेटर लसींच्या फ्रिजपुरता. त्याला दुसरं काही लावायची परवानगी नव्हती आणि आम्हीही ती मागितली नसती. अर्धी सोडवलेली पाल बोर्डाला लोंबत होती. मी हात मांडीवर ठेवून बसले. मला आठवतंय, घाबरण्याऐवजी मला वाटलं की आता कुणीतरी म्हणेल, जाऊ दे, घरी चला. कुणी म्हटलं नाही.

अब्बांनी पेटी उघडली आणि आतून तांब्याच्या जाड टोकाची डागणी काढली. निखाऱ्यात तापवून वापरायची. त्यांच्या तरुणपणी आमच्या गल्लीत वीज नव्हती तेव्हा त्यांनी याच डागणीनं पहिले रेडिओ जोडले होते. विमलताई मागच्या बाजूच्या पहारेकऱ्याच्या चुलीतून घमेल्यात निखारे घेऊन आली. अब्बांनी डागणी तापवली, उचलली आणि गालाजवळ नेली. मग मान हलवली, परत निखाऱ्यात ठेवली. पुन्हा उचलली, गालाजवळ धरली आणि ओल्या फडक्यावर टेकवली. चर्र झालं, ते त्यांनी मान तिरपी करून ऐकलं.

"आता," असं म्हणून त्यांनी मूठ माझ्या हातात दिली. "टेकव आणि उचल. थांबू नको."

मी टेकवली आणि उचलली. कथील सुटलं. पुढच्या पायासाठी परत निखारा, परत गाल, परत "आता". प्रत्येक पायाला आम्ही असंच केलं. त्यांच्या गालावर लाल चट्टा उठला होता, तो मी पाहिला आणि काही बोलले नाही, कारण बोलले असते तर माझा हात थांबला असता. शेवटचा पाय सुटला आणि पाल विमलताईनं धरलेल्या काचेच्या बशीत पडली. फार हलका आवाज झाला. अब्बांनी विचारलं, "पाय?" मी मोजले. सगळे होते.

वाचायला वीज लागत नव्हती, टॉर्चच्या सेलांवर भागत होतं. मी घरून एक फळी करून आणली होती. एका बाजूला हाका द्यायची बटणं, दुसऱ्या बाजूला उत्तराचे लाल दिवे, मधे पाल बसवायची जागा. बटणांच्या वरखाली करण्याच्या हजारावर तऱ्हा होत्या आणि एकही सोडून चालणार नव्हतं. मी बटणं फिरवत होते, विमलताई दिवे बघून बोलत होती, "लागला, लागला, नाय, लागला, नाय," आणि मीच डाव्या हाताजवळच्या कागदावर लागला तर एक, नाही तर शून्य लिहीत होते. अब्बा मणी ओढतात तशी बोटं मोजत मला क्रम चुकू देत नव्हते. थोड्या वेळानं विमलताईच्या बोलण्याला एक चाल लागली, भात लावताना बाया ओळीनं सरकत जातात तशी. बाहेर ऊन आलं, गेलं, परत आलं. आम्ही मध्ये भाकरी खाल्ली, सुकटीचे हात धुतले आणि पुढे चालू केलं. माझी पाठ भरून आली होती. विमलताई तर महिनोन्‌महिने तेच करत आली होती. तिला पेशींऐवजी दिवे मोजायचे एवढाच फरक होता.

संध्याकाळ व्हायच्या आत झालं. बोर्डावर मी आता पालीऐवजी एक खाचांची बैठक पक्की केली, पुन्हा त्याच निखाऱ्यावर, आणि त्यात पाल दाबून बसवली. पुढे कधीही ती बोटांनी काढता आली असती. पण मशीन चालतंय की नाही हे वीज आल्याशिवाय कळणार नव्हतं. ती सोमवारी पहाटे आली. मी चपला न घालता दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई माझ्या आधी येऊन बसल्या होत्या, केस न विंचरता. पडद्यावर हिरवी अक्षरं होती. त्यांनी मला त्यांच्या थर्मासमधला चहा दिला.

कागदावरचे एक-शून्य घेऊन मी नाशिकला सरांकडे गेले. सरांनी ते कॉम्प्युटरमध्ये भरले, त्यातून चिपचा नियम काढला आणि चष्मा वर करून म्हणाले, "हे जरा ओबडधोबड दिसतंय. कारखान्यानं इतकं वेडंवाकडं केलं असेल?" माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, तो वाक्प्रचार मला इतका चपखल कधी बसला नव्हता. पण मी इतकी दमले होते की म्हटलं, भरा. नवी चिप मोखाड्याच्या बोर्डात बसवली. अक्षरं आली, विमलताईनं हात जोडले, आणि मशीननं रक्त ओढायच्या आधीच मान टाकली.

परत जव्हार, परत रविवार. या वेळी पाल नुसती बोटांनी निघाली. सगळं पहिल्यापासून वाचलं. घरी येऊन दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडले तेव्हा मोजक्याच ओळी जुळत नव्हत्या, आणि त्या सगळ्या जेवायला उठायच्या जरा आधीच्या होत्या. अम्मी म्हणाली, "भुकेल्या माणसाला मोजायला बसवू नये, एवढं मीही सांगितलं असतं." सरांनी नव्यानं नियम काढला. तो चार छोट्या ओळींचा, साधा, सरळ निघाला. सर म्हणाले, "असं असतं. बरोबर असलं की लहान होतं."

तो नियम मी त्या दिवशी फ्लॉपीवर घेतला. पुढच्याच पावसाळ्यात जव्हारच्या मशीनमधली मूळची पाल जळाली, आणि तिची नक्कल माझ्या टेबलाच्या खणात तयार होती म्हणून दुपारच्या आत मशीन सुरू झालं. त्यानंतर बाहेरगावाहूनही जुने बोर्ड माझ्याकडे यायला लागले, आणि प्रत्येक बोर्डावरची पाल ती जिवंत असतानाच वाचून ठेवायची सवय मला लागली. फ्लॉपी खराब होतात म्हणून मग सीडी, सीडीवर आमची बुरशी चढते म्हणून मग पेनड्राइव्ह. आता पन्नाशी ओलांडली, माझ्याही डोळ्यांना चष्मा लागला, आणि दर दोन-तीन वर्षांनी सगळं एका ठिकाणाहून दुसरीकडे उतरवत बसायचा मला कंटाळा येतो. त्यातली निम्मी यंत्रं भंगारात गेली असतील. तरी उतरवते. का, असं माझी भाची विचारते. मी तिला सांगते, परत रविवारी बसायचं त्राण नाही म्हणून.

पण मला सांगायचं आहे ते मोखाड्याचं. दुसरी चिप घेऊन मी आणि अब्बा सकाळच्या गाडीनं गेलो. अब्बांनी यायचं कारण नव्हतं, पण ते आले, नवा धुतलेला सदरा घालून. व्हरांड्यात नेहमीसारखी रांग होती. आत विमलताई मायक्रोस्कोपवर होती, सुनी टेबलाखाली. मी खोकं उघडलं, चिप बसवली, झाकण न लावताच बटण दाबलं. अक्षरं आली. थांबली नाहीत. नळीनं पाणी ओढलं, धुतलं, टाकलं, आणि मशीन तयार असल्याची ओळ आली. विमलताईनं पहिल्यांदा सुनीचंच रक्त घेतलं. सुनी रडली नाही, तिला सवय होती. थेंब आत गेला, मशीन घरघरलं, आणि आकडे एकाखाली एक उतरले. विमलताईनं ते वाचले. मग तिनं सकाळी मायक्रोस्कोपवर मोजलेला एक नमुना घातला, त्याचेही वाचले. तिच्या मोजणीत आणि मशीनच्या आकड्यांत फार फरक नव्हता.

मला वाटलं ती काही बोलेल. तिनं रांगेतल्या पहिल्या चार-पाच बाटल्या मशीनच्या शेजारी ओळीनं लावल्या, पहिली आत दिली, आणि ते मोजतंय तोवर बसावं म्हणून बाकावर बसली. भिंतीला डोकं टेकलं आणि तिला झोप लागली. मोजणीचं ते जुनं बटण अजून तिच्या हातात होतं. दारातल्या एका बाईनं आत डोकावलं, पाहिलं, आणि मागच्यांना हातानं गप्प राहायची खूण केली. मी पहिला नमुना झाल्यावर दुसरा दिला, मग तिसरा. मला ते जमत होतं.

अब्बांनी विचारलं, "काय झालं? आवाज का नाही?"

"विमलताई झोपल्या," मी म्हटलं.

ते दारापाशी स्टुलावर बसले होते, हातात काठी. आमची परतीची गाडी थोड्या वेळानं सुटणार होती आणि ती गेली की मग एकदम संध्याकाळची होती. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"सोने दे," ते म्हणाले. "आपण संध्याकाळच्या गाडीनं जाऊ."